गाण्यात राहिलेला आवाज

"गाणं तुम्हाला सुचतं तरी कसं?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचं एक पाठ केलेलं उत्तर मी तयार ठेवलं आहे. त्यात महानदी आहे, आईच्या ओव्या आहेत, धानाच्या शेतावरून येणारा वारा आहे. मंडळाच्या कार्यक्रमात माईकवर हे उत्तर दिलं की पहिल्या रांगेतली मंडळी समाधानाने माना हलवतात. त्यातलं एक अक्षर खरं नाही. माझ्या आईला एकही ओवी येत नव्हती. ती पोस्टात होती आणि घरी आली की आधी रेडिओ बंद करायला सांगायची.

खरं उत्तर असं आहे की मला गाणी भीतीने सुचतात. मी जात्याच भित्री आहे. लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती, दारावरची बेल अवेळी वाजली तरी भीती. धीट माणसं मला आवडतात, पण त्यांच्या सहवासात एक ओळ सुचेल तर शपथ. भीती वाटली की माझे कान टवकारतात, श्वास मोजून मापून येऊ लागतो आणि तिथेच कुठेतरी ठेका सुरू होतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा "धंद्यातलं काहीतरी खरं लिहा" असा आग्रह धरला, म्हणून हे पहिल्यांदाच कबूल करते आहे.

आमचे वडील रेल्वेत. नागपूरहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी दहा वर्षं ऑर्केस्ट्रात गायले, म्हणजे दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात गायले. मग छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि एकाएकी प्रत्येक खात्याला स्वतःचं गाणं हवंसं वाटू लागलं. वृक्षारोपणाचं गाणं, साक्षरतेचं गाणं, हेल्मेटचं गाणं. एका साहेबांना सांडपाण्याच्या योजनेवर गाणं हवं होतं. अट एकच, त्यात 'नाली' हा शब्द यायला नको. "मॅडम, फीलिंग आनी चाहिए, बदबू नहीं आनी चाहिए," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मी ते गाणं केलं. कचऱ्याच्या गाडीवर ते कित्येक वर्षं वाजत होतं, आणि गाडी आमच्या गल्लीत शिरली की मी खिडकी लावून घ्यायचे. अशा कामांवर आणि दुपारच्या शिकवण्यांवर घर चालायचं. उरलेल्या वेळात माझी स्वतःची गाणी. मराठी, हिंदी, मधूनच छत्तीसगढी, जसं आम्ही घरात बोलतो तसंच.

पहिलं स्वतःचं गाणं मला नवा रायपुरात, शहराबाहेर नव्याने वसवलेल्या राजधानीत, मिळालं. एका कार्यालयात चाल ऐकवायला गेले होते आणि परतीची बस चुकली. दुपारचे तीन, लख्ख ऊन, सहा गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढा रस्ता आणि त्यावर चिटपाखरू नाही. रस्त्याकडेची झाडंही तेव्हा गुडघ्याएवढी होती. अंधाराला घाबरणं कुणालाही समजतं, मी त्या उजेडाला घाबरले. लांबून एक पांढरी गाडी आली, माझ्याजवळ हळू झाली, तिची काच खाली आली, आत कोण आहे ते दिसायच्या आत पुन्हा वर गेली आणि गाडी निघून गेली. बस्स, एवढंच घडलं. बस येईपर्यंत तासभर मी स्वतःला धीर द्यायला काहीतरी पुटपुटत होते. घरी येऊन पाहते तो मुखडा तयार.

माझी कामाची रीत थोडी विचित्र आहे. वही घेऊन बसले की मला शहाणपण सुचतं, गाणं सुचत नाही. माणूस बोलताना कुठे श्वास घेतो, कुठला शब्द गिळतो, हे कागदावर उतरत नाही. म्हणून मी बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचे. शिकवणीत तर फोन टेबलावर चालूच असायचा. तास संपला की ज्याचा त्याला रियाज पाठवून द्यायचा, हे सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होतं. मग स्टुडिओत गेलं की आधी एक कच्चं गाणं करतात. त्याला आम्ही गाइड म्हणतो. त्यात काहीही घाला, खोकला, चमच्याचा आवाज, अर्धवट शब्द, सगळं चालतं, कारण ते पुसायचंच असतं. पक्कं गाणं त्याच्यावर बसलं की गाइड काढून टाकायचं. या धंद्यातलं हे सगळ्यात सोपं काम, एक बटण दाबायचं. एकदा मी ते बटण दाबू दिलं नाही, त्याची ही हकिकत आहे.

तिला मी इथे सुषमा म्हणते. वर्ध्याकडची, लग्न होऊन रायपूरच्या पुरानी बस्तीत आलेली, चाळिशीला टेकलेली. नवरा मंत्रालयात, रोज सकाळी गाडीने नवा रायपूरला जाणारा. सुषमाचा आवाज बेताचा, पण सुराला पक्की. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ब्राह्मणपाऱ्यात, आमच्या मोहल्ल्यात, माझ्याकडे शिकायला यायची. आली की इतकी बोलायची की तासातला अर्धा वेळ त्यातच जायचा. मी रागवायचे, "अगं, गायला येतेस की गप्पा मारायला?"

"दोन्ही ताई," ती म्हणायची. "गाणं तं बहाणा आहे."

एका शुक्रवारी मी तिला झपताल समजावत होते आणि तो काही केल्या जमेना. वैतागून मी म्हटलं, "रोज कानावर पडणारा कुठलाही ठेका आठव आणि आधी तो नीट धर." तिने क्षणभर विचार केला आणि समोरच्या चिवड्याच्या वाटीवर चमचा वाजवायला लागली. टक्, टक्, टक्, टक्. मग एकदम काहीच नाही. मग अगदी सावकाश, टक्.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"आमचे हे जिना चढतात, त्याचा," ती म्हणाली. "चौदा पायऱ्या आहेत. पटापट चढले तं मूड चांगला. नऊ... दहा... थांबले. दहाव्यावर थांबले का मी गॅस बंद करते."

"गॅस काहून?"

"हात मोकळे पाहिजेत न, ताई."

हे ती हसत म्हणाली आणि चिवड्यातला दाणा उचलून तोंडात टाकला. हात कशासाठी मोकळे हवेत ते मी विचारलं नाही. तोंडासमोर धरायला, हे कळायला विचारायची गरज नव्हती.

आता जे सांगायचं आहे त्याची मला लाज वाटते. मला आधी ठेका ऐकू आला. नऊ, दहा, थांबले. त्या थांबण्यात किती मोठी जागा आहे हे ऐकू आलं, आणि अंगावर काटा आला तो आधी त्याचा आला. बाई मला त्यानंतर दिसली. मग मी विचारायचं ते सगळं विचारलं. माहेरी सांगितलंस का, कुणाची मदत घ्यायची का, मी कुणाशी बोलू का. तिने प्रत्येक प्रश्नाला नकाराची मान हलवली. "तुम्ही काही करू नका. मले फक्त इथं येऊ द्या," ती म्हणाली. "इथं मी भीत नाही."

गाणं दोन दिवसांत झालं. "बारा पायऱ्या घराला, मी कानांनी मोजते. तो एक एक चढतो, मी एक एक विझते." चौदाच्या बारा केल्या, का तर कुणाला कळायला नको. किती सावध होते पाहा. तिचं फोनमधलं मोजणं आणि वाटीचा आवाज मी गाइडला लावला, कारण ठेका त्याच्यावरच बसवायचा होता. पुढे ते पुसायचं होतं, तेव्हा तिला सांगायचा प्रश्नच येत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

स्टुडिओ म्हणजे आमच्या पाऱ्यातली माळ्यावरची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, आणि शेजारच्या देवळात आरती सुरू झाली की सगळ्यांनी खाली जाऊन चहा प्यायचा. तिथले राजू भैया पंचवीस वर्षं हेच काम करतात. कानाने इतके तिखट की गाताना माझं पोट रिकामं आहे का भरलेलं हे सांगतात. सुरुवातीचं ते मोजणं मी माझ्या आवाजात करून पाहिलं. एकदा, दोनदा, आठ वेळा. राजू भैयांनी हेडफोन काढून ठेवला.

"दीदी, आप डरने की एक्टिंग कर रही हो," ते म्हणाले. "ये बाई डर नहीं रही. ये गिन रही है."

"मग काय करू?"

"इसी को रहने दो. तीन शब्द तो हैं. कौन पहचानेगा?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "उसको पूछ लेना," एवढं त्यांनी जाता जाता सांगितलं आणि मी "हव, विचारते" म्हटलं. पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा विषय ओठांवर आला होता. शुक्रवारीही आला होता. दोन्ही वेळा मी हार्मोनियम पुढे ओढली. ती नाही म्हणेल याची मला खात्री होती, आणि तिने नाही म्हटलं असतं तर गाणं मेलं असतं. शनिवारी ते मी नेटवर चढवलं.

माझं कुठलंच गाणं त्याआधी असं चाललं नव्हतं. तीन-चार दिवसांत ओळखीच्या, अनोळखी बायकांचे निरोप यायला लागले. "ताई, आमच्या घरी सतरा पायऱ्या आहेत," असं एकीने लिहिलं. "आमच्या घरी जिना नाही, पण गाडीच्या स्टँडचा आवाज आहे," असं दुसरीने. मी हुरळून गेले होते. मग मंगळवार आला आणि सुषमा आली नाही.

शुक्रवारीही आली नाही. फोन लावला तर बंद. पुढचा मंगळवारही तसाच गेला आणि मी घाबरले. गाणी सुचवणारी माझी ती नेहमीची भीती ही नव्हे, हिच्यात एक शब्द सुचत नव्हता. पाऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानात माझं गाणं वाजत होतं, पोरं त्यावर बोटांनी टेबल वाजवत होती, आणि मी तिथून मान खाली घालून निघून गेले. नऊ, दहा, थांबले. आख्ख्या शहरात तिचा आवाज फिरत होता आणि ती कुठे होती ते मला माहीत नव्हतं. एका घरात, एका माणसाने हे एकदा नीट कान देऊन ऐकलं की झालं. त्यानंतर काय होईल ते डोळ्यांसमोर येत होतं, मी डोळे मिटले तरी येत होतं.

गाणं त्याच दिवशी का काढलं नाही, असं कुणीही विचारेल. काढलं तर लोक कारण विचारतील, संशय वाढेल, असं मी राजू भैयांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण ते इतकं छान चाललं होतं, हेही तितकंच खरं होतं.

रविवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"नमस्कार मॅडम. मी सुषमाचा मिस्टर बोलून राहिलो. तुमचं गाणं ऐकलं मी. आज घरी या न. बोलायचं आहे."

आवाज अगदी मऊ होता. "कशाबद्दल?" असं विचारायचं धाडस मला झालं नाही. "येते," म्हटलं आणि फोन ठेवला. राजू भैयांना बरोबर न्यावं असं वाटलं, पण परका पुरुष बरोबर घेऊन गेलं तर त्याचं उट्टं तिच्यावर निघेल अशी भीती वाटली. एकटीच निघाले.

पुरानी बस्तीतल्या त्या घराचा जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजत होते. गुडघे दुखत होते आणि दहाव्या पायरीवर दम खायला माझे पाय थांबले. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. तो एकदम बंद पडला. मी तिथून पळून जाणार होते. कशी वर गेले ते आठवत नाही.

दार त्याने उघडलं. ठेंगणा, नीटनेटका, घरातही इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. भीती वाटावी असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. त्याने मला बसवलं, पंखा वाढवला, पाणी मागवलं. सुषमा पाणी घेऊन आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. हातांवर, चेहऱ्यावर काही दिसतं का ते मी चोरून पाहत होते. काही दिसलं नाही.

"काय गाणं केलं मॅडम तुम्ही!" तो म्हणाला. "आठ दिवसांपासून गाडीत तेच लावून राहिलो. ऑफिसात सगळ्यांले ऐकवलं. सांगितलं, आमच्या मिसेसच्या मॅडम आहेत."

मी पदराने कपाळ पुसलं.

"असे लोक राहतात न खरंच," तो पुढे म्हणाला. "आमच्या सेक्शनमध्येच एक आहे. बायको बिचारी बोलत नाही, पण समजते सगळं. त्याले मी मुद्दाम ऐकवलं, शरम तरी वाटंल म्हटलं." मग तो पुढे झुकला. "एक विचारायचं होतं. ते सुरुवातीले जी बाई मोजते, नऊ, दहा, थांबले, ती कोण आर्टिस्ट आहे? बंबईची आहे का?"

सुषमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहू नये म्हणून ट्रेकडे पाहत राहिले. कप जराही वाजत नव्हते.

"आहे एक," मी म्हटलं. "इकडचीच."

"काय फीलिंग आहे तिच्या आवाजात! एकदम असली." तो सुषमाकडे वळला. "ऐकलं का? नुसतं तासाले जाऊन होत नाही. असं शिकून ये. अन् दोन हप्ते झाले, जाऊन नाही राहिली काहून? काही विचारलं तं बोलतही नाही." मग पुन्हा माझ्याकडे पाहून हसला. "याच्यासाठीच बोलावलं तुमाले. तुम्हीच समजवा हिले."

सुषमाने चहा ठेवला आणि ती आत गेली. मी तो चहा कसा प्याले ते मलाच ठाऊक. निघताना त्याने आतल्या दिशेने सांगितलं, "मॅडमले गेटपर्यंत सोडून दे."

आम्ही दोघी खाली उतरलो. गेटपाशी आल्यावर मी हळूच म्हटलं, "ओळखलं नाही त्यांनी."

"ओळखतील कसे?" ती म्हणाली. "घरी मी बोलतच नाही. हव, नाही, वाढू का. तेवढ्यात आवाज ओळखू येते का कोणाचा?"

मी तिची माफी मागितली. विचारायला हवं होतं, चुकलं माझं, आजच काढून टाकते, असं भराभर बोलत राहिले. ती गेटच्या कडीशी चाळा करत ऐकत होती.

"काढा नाही तं ठेवा," ती म्हणाली. "मी तासाले आली नाही ते यांच्या भीतीनं नाही, ताई. यांची मले सवय आहे. तुमच्या भीतीनं नाही आली. तुमच्यापाशी बोलत होती मी. दुसरीकडं कुठंच बोलत नाही, फक्त तुमच्यापाशी. अन् टेबलावर तुमचा फोन असते."

जन्मभर मी लोकांना भीत आले. कुणाला माझी भीती वाटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. ती वाटली, आणि तीही नेमकी त्या बाईला, जिच्याकडे न भिता बसायची एकच जागा होती. तिच्याकडून ती मी घेतली. नवऱ्याने घेतली नाही, मी घेतली, आणि बदल्यात तिला एक गाणं दिलं, जे तिने मागितलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन गाणं काढलं. "चल रहा था, दीदी," राजू भैया म्हणाले. लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलेलं अजून कुठे कुठे असेल, ते माझ्या हातात नाही. तिचं मोजणं वगळून ते पुन्हा रेकॉर्ड करा असं पुष्कळांनी सुचवलं, पण मी केलं नाही. तेव्हापासून शिकवणीत फोन कपाटात कुलपात असतो आणि मी कुणाचं एक वाक्यही विचारल्याशिवाय घेत नाही. पुष्कळ जण नाही म्हणतात. त्यामुळे माझी गाणी आता कमी होतात, आणि झालेली तितकी चांगली नसतात. हेही खरं लिहायला हवं.

हा लेख लिहून झाल्यावर मी सुषमाला फोन लावला. इतक्या वर्षांनी नंबर चालू असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या घंटेला उचलला. मी म्हटलं, असं असं लिहिलं आहे, तुला वाचून दाखवते, तू नको म्हणालीस तर फाडून टाकते. "वाचा," ती म्हणाली. मी एकही ओळ न गाळता सगळं वाचलं, जिथे माझी लाज आहे तेही. दोनदा मी "आहेस ना?" म्हणून विचारलं.

वाचून संपलं. ती म्हणाली, "नाव बदललं न?"

"बदललं."

"वर्ध्याकडची लिहिलं ते राहू द्या. वर्धा काही लहान नाही." आणि हसली, खणखणीत, मोकळं हसली. माझ्या जिवात जीव आला.

"पुढचं काय लिहू?" मी विचारलं. "वाचणारे विचारतील, तिचं पुढे काय झालं."

"विचारू द्या," ती म्हणाली. "गेटपर्यंत लिहा, ताई. गेटच्या पुढचं माझं आहे."